मेमध्ये वेलिगामा नको, अरुगम बे गाठा

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. पोहता येतं, पण तलावातच. लेक म्हणते, मेअखेर दहा दिवस श्रीलंकेत सर्फिंग शिकू. एजंटने वेलिगामा सुचवलंय. जावं का? आणि एकदा गेलेली माणसं पुन्हा पुन्हा त्याच बेटावर का जातात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जरूर जा, पण वेलिगामाला नको. ते गाव मला फार प्रिय आहे. किनाऱ्याची रुंद कमान, तळाला वाळू, लाट सावकाश फुटते. ४६व्या वर्षी, शिकायला लागल्याच्या चौथ्या दिवशी, मी तिथेच पहिल्यांदा फळीवर उभी राहिले. पण तो जानेवारी होता. मेअखेरीस दक्षिण किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारा थेट समुद्रावरून येतो आणि लाटा विस्कटून टाकतो. आमच्या देवगडला पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून ठेवतात, तेच दिवस.

आता गंमत बघा. तोच वारा बेट ओलांडून पूर्वेला अरुगम बेला पोचतो, तेव्हा तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. आजोबा ज्याला मतलई म्हणायचे, तसा. सकाळी तो लाटेला समोरून अडवतो. त्यामुळे ती लगेच कोसळत नाही, ताठ उभी राहते आणि तिचं अंग काचेसारखं गुळगुळीत होतं. वेलिगामात आम्हाला सर्फिंग शिकवणारा मुलगा एप्रिलअखेर फळ्या व्हॅनच्या टपावर बांधून पूर्वेलाच जातो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला समुद्राच्या तळात सापडलं. लाटा दोन्हीकडे येतात त्या मुख्यतः दूर दक्षिणेच्या वादळांतून. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. म्हणून ती कशी फुटेल, हे तळ ठरवतो. नैऋत्य किनाऱ्यावरच्या हिक्कडुवाला प्रवाळाचा खडक अचानक वर येतो, लाट एकदम उभी राहते. तिथे माझा तळपाय चांगलाच कापला होता. अरुगमच्या मेन पॉइंटला ती जमिनीच्या टोकाला वळसा घालत उजवीकडे फुटत जाते, लांबच लांब. वेलिगामात शिकलेलं तिथे अर्धंच उपयोगी पडलं. पुन्हा पाय कुठे ठेवायचा इथपासून सुरुवात. मला हे फार आवडतं. किनारा बदलला की मी पुन्हा विद्यार्थिनी होते, म्हणूनच पुन्हा पुन्हा जाते.

मेन पॉइंट मात्र तुमच्यासाठी नाही, खाली खडक आहे. त्याच खाडीत आतल्या बाजूला बेबी पॉइंट आहे, तिथे शिका. मऊ फोमची फळीच मागा, फळीला जोडलेली घोट्याची दोरी नीट बांधा. पडताना सूर मारू नका. सपाट पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा. कोलंबोहून अरुगम बे रस्त्याने सात-आठ तास आहे, तेव्हा पहिली रात्र वाटेत एल्ला या डोंगरातल्या गावी काढा.