चार्जिंगला लावून पण टक्के उतरतायत? सेल बदलायच्या आधी केबल बघ

भावा, तुझ्या लिहिण्यात तीन तक्रारी एकात एक मिसळल्यात. यूकन्सोल (हातात धरून वापरायचा छोटा लिनक्स कॉम्प्युटर) रात्रभर लावला तरी साठ-सत्तरच्या पुढं सरकत नाही, वापरत वापरत चार्ज केला तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात, आणि तीस टक्के दिसत असताना खटकन बंद पडतो. वर सगळ्यांनी सेल बदल म्हणून सांगितलंय. एवढ्यात बदलू नको लगा. तिसरी तक्रार सेलची असू शकते, पण पहिल्या दोन बहुतेक केबलच्या नाहीतर सेटिंगच्या असतात आणि नवे सेल टाकून त्या जात नाहीत.

पहिलं म्हणजे टक्क्याकडं बघायचं सोड, तो चिपचा अंदाज असतो. यात चार्जिंगचा कारभार एएक्सपी२२८ नावाच्या चिपकडं आहे आणि तिचे खरे आकडे सिस फोल्डरात क्लास, त्याच्या आत पॉवर-सप्लाय इथं मिळतात. बॅटरीची एंट्री उघड, स्टेटस, व्होल्टेज-नाऊ आणि करंट-नाऊ या तीन फाईली टर्मिनलमध्ये कॅट कमांडनं उघडून बघ. आकडे मायक्रोमध्ये येतात, म्हणजे ३८५०००० दिसलं तर ३.८५ व्होल्ट आणि ४५०००० म्हणजे साडेचारशे मिलीअँपिअर. आकडे परत परत दाखवणारी वॉच कमांड लावून ठेव, मग ब्राइटनेस वाढव, ब्राउझर उघड, वायफाय बंद कर आणि करंट कसा हलतोय ते बघत बस, अर्धं कोडं तिथंच सुटतं.

आता केबल. तू म्हणतोस चार्जर ६५ वॅटचा आहे, पण त्याचा इथं उपयोग शून्य, कारण यूकन्सोल पाच व्होल्टच घेतो. आणि पाच व्होल्टला केबलची लांबी लई नडते. समज नव्या पेठेतून घेतलेली दोन मीटरची बारीक केबल आहे, जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स ०.३ ओहम धर, दोन अँपिअर ओढले की ०.६ व्होल्ट केबलमध्येच जिरले आणि डिव्हाइसपाशी पोचले ४.४. या चिपला एक किमान व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, यूएसबीच्या एंट्रीत व्होल्टेज-मिन म्हणून दिसेल, ४.० ते ४.७ च्या मधलं काहीतरी. इनपुट त्याच्या खाली जायला लागलं की चिप स्वतःच कमी ओढते, एरर नाही, मेसेज नाही, चार्जिंगचं चिन्ह तसंच दिसत राहतं आणि आपण सेलला शिव्या घालत बसतो. अर्ध्या मीटरची जाड केबल लाव आणि करंट परत बघ. एखादा यूएसबी मीटर घेऊन ठेवलास तर अजून बरं, महाग नसतो.

केबल बदलून पण फरक नाही पडला तर त्याच एंट्रीत इनपुट करंटची मर्यादा बघ. ५०० किंवा ९०० मिलीअँपिअरवर अडकली असेल तर पाच व्होल्टला ९०० म्हणजे साडेचार वॅट झाले, तेवढे तर सीएम४ (आतला रास्पबेरी पायचा कॉम्प्युटर बोर्ड), स्क्रीन आणि वायफाय मिळूनच खाऊन टाकतात, सेलला काय उरणार? टक्के उतरणारच.

मग बॅटरीच्या एंट्रीत कॉन्स्टंट-चार्ज-करंट बघ, म्हणजे सेल भरताना किती करंट द्यायचा तो आकडा. ३०० मिलीअँपिअरपासून दीडशेच्या पायऱ्यांनी वाढतो. सुडो लावून एको केलं तरी परमिशन डिनाइड येईल, कारण फाईलमध्ये लिहिणारा शेल तुझ्या युजरचाच असतो, म्हणून एकोचं आउटपुट पाइपनं सुडो लावलेल्या टी कमांडला दे. आकडा नाकारला तर आधी त्याच नावाच्या शेवटी मॅक्स असलेल्या फाईलमधला आकडा वाढव. मी १५००००० ठेवतो, दोन सेल पॅरलल असल्यामुळं प्रत्येकाला साडेसातशे मिलीअँपिअरच येतात, ३५०० एमएएचच्या सेलला हे काहीच नाही.

पण हे सोलापूर आहे हे विसरू नको. लिथियम सेल साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीतच ४० च्या पुढं असतं, त्यात डिव्हाइसची स्वतःची गरमी वेगळी. उन्हाळ्यात रात्री चार्ज कर, आणि व्होल्टेज-मॅक्स (सेल किती व्होल्टपर्यंत भरायचा तो आकडा) ४२००००० वरून ४१००००० वर आण, जुन्या कर्नलमध्ये या फाईलच्या नावामागं डिझाइन लागलेलं असतं. अंदाजे दहा टक्के क्षमता सोडावी लागते पण फुल भरलेला सेल गरमीत पडून राहणं हेच त्याला सगळ्यात वाईट. लॅपटॉपसारखी ८० टक्क्यांवर थांबवणारी फाईल इथं शोधत बसू नको, आपल्याला हाच मार्ग. जानेवारीत गड्डा यात्रेच्या टायमाला थंडी असते तेव्हा परत ४.२ केलं तरी चालतंय.

तीस टक्क्याला बंद पडतो त्याचं असं कर, नुसता पडून असताना व्होल्टेज बघ आणि मग चारी कोअरवर लोड टाकून बघ. ३.७ चं एकदम ३.२ च्या आसपास आलं तर सेल म्हातारे झालेत नाहीतर होल्डरचा पत्रा नीट टेकत नाही, आधी पत्रा पुसून बघ. नवे घ्यायचेच झाले तर ९९०० एमएएच छापलेले अजिबात घेऊ नको, यात बसणाऱ्या १८६५० मापाच्या सेलमध्ये तेवढं मावतच नाही, चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. दोन्ही एकाच मॉडेलचे घे आणि टाकायच्या आधी मल्टीमीटरनं मोज. एक ४.१ आणि एक ३.५ असला तर पॅरललमध्ये भरलेला रिकाम्यात जोरात ओततो, आधी दोन्ही बाहेरच्या चार्जरवर फुल करून घे.

हे सगळे आकडे रीस्टार्ट केल्यावर उडतात, म्हणून सिस्टमडीची एक वनशॉट सर्व्हिस (चालू होताना एकदाच चालणारी) करून त्यात या दोन-तीन ओळी टाक. केबल बदलल्यावर करंट किती झाला तेवढं टाक, मग पुढचं बघू.