दाढ काढावी की वाचवावी, आणि रूट कॅनालनंतर कॅप लागतेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खालची मोठी दाढ किडली आहे, रात्री ठणका लागतो, डॉक्टरांनी रूट कॅनाल करून वर टोपीसारखी कॅप बसवायला सांगितले आहे, आईंचे म्हणणे दाढ काढून मोकळे व्हावे असे आहे, आणि तुम्हाला वाटते की नुसती चांदी भरून भागले तर बरे. शिवाय सहा वर्षांच्या मुलीचे दात किडू नयेत म्हणून काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरात दंतवैद्य आहे आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने जवळजवळ रोज माझ्यासमोर येतो. तुमची दाढ आणि तिचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

चांदी भरायची की रूट कॅनाल करायचे, हे कीड किती खोल गेली आहे त्यावरून ठरते. दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे एनॅमल, त्याखाली थोडे मऊ डेंटिन आणि अगदी आत गर, ज्याला आपण बोलताना 'नस' म्हणतो. कीड डेंटिनमध्येच असेल तर किडलेला भाग कोरून दात भरता येतो. थंड पाण्याने क्षणभर सणक जाते आणि लगेच थांबते, तेव्हा नस बहुधा सावरण्यासारखी असते. तुम्ही लिहिले आहे की चहाने कळ वाढते, बराच वेळ रेंगाळते आणि आडवे पडल्यावर झोप लागत नाही. ही लक्षणे नस कायमची बिघडल्याची आहेत. अशा दाढेत वरून काहीही भरले तरी आतली सूज तशीच राहते आणि दुखणे उलट वाढते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. असे दुखणे एखाद्या आठवड्यात आपोआप थांबले तर दाढ बरी झाली असे समजू नका. बहुतेक वेळा नस मेलेली असते, आणि मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरून तिथे पू धरतो.

चांदीविषयी विचारलेच आहे म्हणून सांगते. ज्याला आपण चांदी म्हणतो त्या अमाल्गममध्ये जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि युरोपीय संघाने २०२५ पासून अमाल्गमचा वापर जवळजवळ बंद केला. आता बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचे कंपोझिट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. तोंडात जुनी चांदी घट्ट बसलेली असेल तर मात्र घाबरून ती काढून घेऊ नये.

रूट कॅनालमध्ये दाढ बधिर करून वरून छिद्र पाडतात, बिघडलेली नस काढतात, मुळांतल्या नलिका बारीक फाइलींनी आणि जंतुनाशक द्रावणाने स्वच्छ करतात आणि झाडाच्या चिकापासून केलेल्या गटापार्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद करतात. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला सहसा दोन मुळे आणि तीन किंवा चार नलिका असतात. त्यांतली एक जरी राहिली तरी दुखणे परत येऊ शकते, म्हणून हे काम घाईचे नाही. कोणाला एका बैठकीत, कोणाला दोन-तीन बैठकींत करावे लागते.

आता कॅप. कॅप म्हणजे वरचा अनाठायी खर्च असे अनेकांना वाटते आणि रुग्ण सर्वांत जास्त इथेच थांबतात. कीड आणि छिद्र मिळून दाढेचा मध्यभाग गेलेला असतो, उरतात त्या बाजूच्या पातळ भिंती. चावताना दाब पडला की त्या भिंती बाहेरच्या बाजूला फाकू पाहतात. कॅप त्यांना चहूबाजूंनी एकत्र धरून ठेवते. पुढच्या दातांवर एवढा भार येत नाही, त्यामुळे तिथे कॅपशिवाय कधी कधी चालते. दाढेला सहसा चालत नाही. माझ्याकडे विड्या वळणाऱ्या एक ताई येत असत. रूट कॅनालनंतर दुखणे थांबले आणि त्या पुन्हा आल्या नाहीत, कारण हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि दवाखान्यात बसलेला अर्धा दिवस त्यातूनच जातो. पुढच्या हुरड्याच्या दिवसांत त्या आल्या तेव्हा दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती आणि ती काढावीच लागली. कॅप का हवी, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगायला हवे होते, ही खंत मला अजून आहे. आपल्याकडे रोजच्या ताटात कडक भाकरी असते, त्यामुळे रूट कॅनाल झालेल्या दाढेने कॅप बसेपर्यंत कडक काही चावू नका. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची असते. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम काम देते, महागडीच हवी असे नाही. मात्र कॅप आणि हिरडी यांच्या सांध्यात पुन्हा कीड लागू शकते, तिथे ब्रश नीट फिरला पाहिजे.

आईंचे म्हणणे मला समजते. त्यांच्या काळी गावोगाव दाढदुखीवर दाढ उपटणे हाच उपाय हाताशी होता. आजही दाढ मुळापर्यंत चिरलेली असेल, हाड झिजून हलत असेल किंवा वेडीवाकडी उगवलेली अक्कलदाढ असेल तर काढणेच योग्य ठरते. पण चावण्याची मुख्य दाढ काढून जागा रिकामी ठेवली की शेजारची दाढ हळूहळू त्या पोकळीत कलते, वरची दाढ खाली उतरू लागते आणि अन्न अडकून चांगले दातही किडतात. ती जागा भरायला ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, करावा तर शेजारचे दोन दात घासून लहान करावे लागतात. इम्प्लांट करावे तर टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने लागतात आणि खर्च सहसा रूट कॅनाल व कॅपपेक्षा जास्त होतो. पैशांची अडचण असेल तर आपल्या सोलापूरजवळच्या केगावच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. दरम्यान दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मशेरी दाबून ठेवू नका. ठणका दबल्यासारखा वाटतो, पण कीड तशीच राहते आणि हिरडी व गालाच्या आतल्या कातडीचे नुकसान होते.

मुलीच्या बाबतीत तुम्ही अगदी योग्य वेळी विचारले आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच दाढ समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. या दाढेच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. म्हणून ती पूर्ण वर आली की खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून घ्याव्यात; त्यासाठी सुई लागत नाही, दात कोरावा लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. सोबत डॉक्टरांना दातांवर लावायच्या फ्लोराइड वार्निशविषयी विचारा. घरी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही स्वतः तिचे दात घासून द्या, पेस्ट थुंकून टाकायला शिकवा आणि त्यानंतर भरपूर पाण्याने चूळ भरू देऊ नका, कारण दातांवर राहिलेले थोडे फ्लोराइडच काम करते. आज रात्री चांगल्या उजेडात तिच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना अगदी मागे पाहा. नवी दाढ दिसू लागली असेल तर तुमच्या रूट कॅनालच्या पहिल्याच भेटीला तिलाही सोबत घेऊन जा.