वाचलेल्या पुस्तकांवर लिहायचंय? मग हे आधी

लिहा, बिनधास्त लिहा! सुरुवातीला सगळे एकच चूक करतात: कथानक सांगत बसतात. ते दोन ओळींत उरका. तुम्ही कुठे थबकलात, कुठे चिडलात ते सांगा. पान क्रमांकासकट, त्याच रात्री वहीत टिपून.

- एकाच जातकुळीचं वाचू नका. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ (१९७८) लागोपाठ घ्या. पहिल्यात बाहेरून आलेला मास्तर धनगरांची वाडी पाहतो, दुसऱ्यात महारवाड्यात वाढलेला माणूस गाव सांगतो. आपल्या सांगोल्याकडच्या वाचकाला पहिल्यातला दुष्काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, तेही मतात येऊ द्या.
- ‘छान आहे, जरूर वाचा’ हे मत नव्हे.
- आवडलं नाही तर कारणासकट लिहा.

समीक्षेची परिभाषा इतक्यात नको. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, दोनच पुस्तकं आणा.