दोरीच्या अलीकडून बघा

प्रश्न : मे-जूनमध्ये आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. तिथल्या सँडी हूकच्या किनाऱ्यावर पायपिंग प्लोव्हर हा दुर्मीळ पक्षी वाळूतच अंडी घालतो, असं समजलं. तो ओळखायचा कसा? जवळून फोटो मिळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वेळ अगदी योग्य आहे. हे पक्षी मार्चमध्ये येतात. मे महिन्यात बहुतेक घरट्यांत अंडी असतात, जूनमध्ये पिल्लं. आपल्या चिखल्याचाच हा भाऊबंद. लांबी सुमारे १८ सेंमी, पाय नारिंगी, गळ्याशी एकच काळा पट्टा. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची. ती ओल्या वाळूसारखी गडद दिसली, तर तो सेमीपामेटेड प्लोव्हर, उत्तरेकडे निघालेला वाटसरू. पायपिंग प्लोव्हर थांबला की वाळूत हरवतो. नजर भिरभिरत ठेवू नका, एकाच पट्ट्यावर धरा. तुरुतुरु धावला की सापडेल.

जवळून फोटोचा विचार मात्र सोडून द्या. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा, त्यात ठिपक्यांची चार अंडी. नर-मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे उबवतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो आणि भर उन्हात अंडी तापून आतला जीव मरतो. पंख मोडल्यासारखा फरफटत तो तुमच्यापुढे चालला, तर तुम्ही फार जवळ पोचलात. आलात त्याच पावलांनी मागे फिरा.

खांब आणि दोरीचं कुंपण दिसेल. त्याच्या आत एकही पाऊल नको. काही घरट्यांवर जाळीचा पिंजरा असतो. त्यातून हा पक्षी आरपार जातो, कोल्हा आणि कुरव (सीगल) अडतात. पण कोल्हे पिंजरा ओळखायला शिकतात आणि बाहेर पडणाऱ्या पक्ष्यालाच धरतात, म्हणून तो सरसकट लावत नाहीत.

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण, असेल तर त्यालाच मोबाइल लावून फोटो घ्या. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वाळूवरची हवा थरथरते आणि चित्र धूसर होतं. अंडी असताना पाण्याच्या बाजूला उभं राहावं, सकाळचा सूर्य पाठीशी येतो. अंड्यांतून पिल्लं बाहेर आल्यावर मात्र ती जागा मोकळी सोडा. आईबाप त्यांना भरवत नाहीत. जन्मल्यापासून काही तासांतच ती ओल्या वाळूत स्वतः किडे टिपतात. तिथे माणसं बसली, तर ती उपाशी राहतात. ड्रोन अमेरिकेतल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत बंद आहेत, इथेही.

प्रश्न : नातवाला पतंग उडवायचा आहे, वाळूत किल्लाही करायचा आहे. चालेल का?

उत्तर : पतंग नको. वर तरंगणारी आकृती पक्ष्याला ससाणा वाटते आणि तो अंड्यांवरून उठतो. किल्ला कुंपणापासून दूर जरूर करा, पण निघताना खड्डे बुजवा. जेमतेम सहा-सात ग्रॅमचं पिल्लू त्यात पडलं, तर त्याला वर चढता येत नाही. खाण्याचे तुकडेही उचला. त्यांच्यामागे कुरव आणि कावळे येतात, आणि अंडी त्यांनाच आधी दिसतात.