सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुखांनी शेवटपर्यंत शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) का सोडला नाही? आणि एवढ्या छोट्या पक्षातून ते अकरा वेळा निवडून आले कसे?

एसटीने फिरणारा साधा आमदार, असं उत्तर तुम्हाला बहुतेक जण देतील. ते खरंच तसे होते, पण नुसत्या साधेपणावर सांगोल्याने त्यांना 1962 पासून 2019 पर्यंत धरून ठेवलं असेल, हे मला पटत नाही.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला म्हणजे माणदेशाचा दुष्काळी पट्टा. पाऊस बेभरवशाचा, माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा तालुक्यात मत मागायचं तर दोनच गोष्टींवर बोलावं लागतं: हाताला काम आणि शेताला पाणी. आबा (तिकडे त्यांना आबाच म्हणतात) आयुष्यभर त्याच दोन गोष्टींच्या मागे राहिले. रोजगार हमीची कामं आणि टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी हे विषय त्यांनी सभागृहात आणि बाहेर लावून धरले. 1993 पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तालुक्यांची मोट बांधणाऱ्यांत ते होते. पाणी एका तालुक्याने मागून मिळत नाही, शेजाऱ्यांनाही बरोबर घ्यावं लागतं, ही त्यांची समज मला फार मोलाची वाटते. शिवाय सूतगिरणी. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि नीट चालवून दाखवली. सहकारातल्या किती संस्था पुढाऱ्यांनीच बुडवल्या ते आपण सगळेच पाहतो, म्हणून मी याला एसटीच्या प्रवासापेक्षा जास्त महत्त्व देतो.

आता पक्षाचं. ते मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आले. शेकापचा लाल बावटा त्यांनी तरुणपणी घेतला तो विचार म्हणून. काँग्रेसमध्ये गेले असते तर मोठी पदं मिळाली असती, हे खरं. पण मंत्रिपद त्यांना शेकापमध्ये राहूनही मिळालं: 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या. 2002 साली पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा ते खुर्चीसाठी मागे थांबले नाहीत.

त्यांचे पराभवही लक्षात ठेवा. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या 192 मतांनी हरले आणि 1999 ला पुन्हा जिंकले. पडल्यावर पक्ष बदलायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. आबा दोन्ही वेळा त्याच तालुक्यात, त्याच झेंड्याखाली राहिले. लोकांचा विश्वास तिथे पक्का झाला असं मला वाटतं.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. अकरा विजय हा देशातला विक्रम असल्याचं सर्रास लिहिलं जातं. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. आबांचं मोठेपण त्या आकड्यावर अवलंबून नाही, तेव्हा चुकीचा दावा कशाला?

2019 ला वयोमानामुळे ते थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि हजाराच्या आतल्या मतांनी पडले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबांचं निधन झालं. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच सांगोल्यातून निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार.