आधी पैसे, मग भाजी : हंगामाची वर्गणी भरण्यापूर्वीचे काही प्रश्न

काही कुटुंबं हंगामाच्या सुरुवातीलाच एखाद्या सेंद्रिय शेतकऱ्याकडे वर्गणी भरतात आणि मग त्याच्या शेतात जे पिकेल त्याचा वाटा दर आठवड्याला घरी येतो, त्या पद्धतीबद्दल गेल्या वेळी लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

आमच्या सोसायटीत एक गट सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतो आहे. भाजी हातात येण्याआधी एवढी रक्कम का द्यायची? बुडाली तर?
(कोथरूड, पुणे)

आगाऊ पैशाला एकच कारण पुरेसं आहे : ते पैसे बियाणं, शेणखत, मजुरी आणि ठिबकच्या नळ्यांत जातात, आणि तेही पेरणीआधी. हा खर्च करायला शेतकऱ्याला एरवी सावकार नाहीतर आडत्याची उचल घ्यावी लागते. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर न्यावा लागतो. वर्गणीने हा फास सुटतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात कीटकनाशकांना घाबरलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच थेट करार केले. अमेरिकेत १९८६च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर ही पद्धत सुरू झाली. तिथे तिला ‘सीएसए’ (कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर, म्हणजे लोकांच्या आधाराने चालणारी शेती) हे नाव मिळालं, आणि आपल्याकडचे गटही तेच वापरतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : शेत कुणाचं आणि कुठे आहे? उत्तरात गावाचं नाव आलं नाही, तर थांबा. मग त्यांची यादी बघा. त्यात बाराही महिने टोमॅटो, फ्लॉवर आणि सिमला मिरची असेल, तर समोरचा माणूस शेतकरी नाही, भाजी गोळा करून विकणारा आहे. तो धंदा वाईट नव्हे, मीही अशांकडून घेते. पण त्याला सहा महिन्यांचे पैसे आधी देण्याचं काहीच कारण नाही. आठवड्याच्या आठवड्याला द्या.

शेत खरं असेल, तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : किती आठवडे भाजी येणार, आठवड्याला साधारण किती किलो, गारपीट किंवा रोगाने पीक गेलं तर काय करायचं, आणि शेजारच्या शेतकऱ्याचा माल घालायची वेळ आली तर तसं सांगणार की नाही. तिसऱ्या मुद्द्यावर ‘पैसे परत’ असं कुणी म्हणत असेल, तर मला ते उलट संशयास्पद वाटतं. नुकसानीत वाटा उचलणं हाच तर या व्यवहाराचा गाभा आहे. ते मान्य नसेल तर या भानगडीत पडू नये, मंडई आहेच. पहिल्यांदाच भरत असाल, तर तीन महिन्यांचे भरा. कुठलाही शहाणा गट नाही म्हणत नाही.

‘सेंद्रिय’ आहे हे कशावरून? त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही.
(बोरिवली, मुंबई)

प्रमाणपत्र दोन प्रकारचं असतं. एक एनपीओपीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं. त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते. निर्यातीसाठी तेच लागतं आणि ते छोट्या शेतकऱ्याला महाग पडतं. दुसरं पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी घेण्याची सरकारी पद्धत. यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळातल्या मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात, ते पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. भाजीपाल्यासारख्या हंगामी पिकांसाठी एनपीओपीत हा काळ किमान दोन वर्षांचा धरतात. गेल्या वर्षीपर्यंत युरिया टाकणाऱ्याने यंदा ‘शंभर टक्के सेंद्रिय’ची पाटी लावली, तर ती पाटी घाईची आहे.

आता तुमचा मुद्दा. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालावरचं सरकारी चिन्ह त्याला वापरता येत नाही. तेव्हा कागद नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही, आणि कागद आहे म्हणून डोळे मिटायचेही नाहीत. शेतावर जा. सहलीला म्हणून जाऊ नका, झुणका-भाकर नंतर खा. आधी बांधावरून फिरा. शेजारी उसाला किंवा द्राक्षाला फवारणी होते का, मध्ये किती अंतर किंवा झाडोरा आहे, ते पाहा. टोमॅटोत झेंडू लावलाय? कोबीच्या कडेला मोहरी? फळं पोखरणारी अळी आणि कोबीवरचा पतंग वळवायला ही सापळा पिकं लावतात. कामगंध सापळे, पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्काचं पिंप, जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या पातळ खताची) टाकी, हे सगळं वापरातलं दिसलं पाहिजे. टाकी कोरडी ठणठणीत असेल तर विचारा, शेवटचं जीवामृत कधी केलं? खरं करणारा माणूस या प्रश्नावर बोलायला लागला की थांबत नाही. आणि शेतावर यायला कुणी आढेवेढे घेत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

तीन आठवडे लागोपाठ दुधी आणि घोसाळी येताहेत, टोमॅटो एकदाही नाही. मुलं जेवायला तयार नाहीत. हे असंच चालायचं का?
(ठाणे)

पावसाळ्यात, हो. दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, कारली, काकडी ही वेलवर्गीय मंडळी मांडवावर चढली की थांबवता येत नाहीत. पालेभाजी मात्र संततधारेत सडते आणि टोमॅटोवर करपा येतो. करप्यावर रोज विषारी फवारा मारायचा नाही असं ठरवल्यावर टोमॅटो कमीच मिळणार. तुमचा शेतकरी लबाडी करत नाहीये. ऑगस्टमध्ये त्याने लालबुंद टोमॅटो पाठवले असते, तर मी काळजीत पडले असते. दिवाळीनंतर चित्र पालटतं : मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार, पावटा, कोवळ्या हरभऱ्याचा पाला. तेव्हा फ्रीज पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की पुन्हा गवार, भेंडी आणि तांबडा भोपळा.

तोवर दुधीचे थालीपीठ, घोसाळ्याची भजी, दोडक्याच्या शिरांची चटणी. मुलांना दुधी हलव्यातूनही पोटात जातो, पण दर आठवड्याला हलवा करा असं मी सुचवत नाही. सभासदांनी वाटपाच्या जागी एक अदलाबदलीची टोपली ठेवावी : नको ती भाजी तिच्यात टाका, हवी ती उचला. आणि शेतकऱ्याला एवढं जरूर सांगा की पावसाळ्यात कर्टोली, टाकळा, अळू, भोपळ्याची फुलं अशा गोष्टीही घाल. पुष्कळदा त्या बांधावर वाया जातात, कारण शहरातल्यांना नको असतील असं तो धरून चालतो.

फ्लॉवरमध्ये अळ्या निघाल्या.
(सांगली)

निघणारच. तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. अळ्या वर येतात, मग धुऊन घ्या. निम्मा गड्डा पोखरलेला असेल, तर फोटो पाठवून वजनात भरपाई मागा, ते रास्त आहे.

माझी जुन्नर तालुक्यात दोन एकर बागायत आहे. मार्केटला दर पडला की जुड्या फेकाव्या लागतात. पुण्यातल्या पन्नास कुटुंबांना टोपली द्यायचा विचार आहे. कशी सुरुवात करू?
(एक शेतकरी वाचक)

दादा, पन्नास नकोत. पंधरा घ्या. आठवड्याला पाच किलोप्रमाणे पंधरा घरांना ७५ किलो लागतात, आणि तेही सात-आठ प्रकारांत विभागून, दर आठवड्याला न चुकता. एकदम अर्धा एकर मेथी टाकण्याची सवय इथे उपयोगाची नाही. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर आणि मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, दुधी दोन महिन्यांनी. तेव्हा पालेभाजीचा एकेक गुंठा दर दहा दिवसांनी पेरा. वेलवर्गीय दोन टप्प्यांत लावा, भेंडी-गवार तीन टप्प्यांत. लावणीची वही ठेवा. कुठल्या आठवड्यात काय निघणार हे त्या वहीत दिसलं नाही, तर टोपली भरायला बाजारातून माल आणायची वेळ येईल, आणि सभासद ते ओळखतात.

उरलेल्या जमिनीत नेहमीची पिकं राहू द्या, पण सेंद्रिय वाफ्यांपासून अंतर ठेवून, आणि सभासदांना ते सांगून. कायद्याची अडचण नाही. राज्यात २०१६पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे.

दर हंगामभर एकच ठेवा. जुलै २०२३मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, आणि सप्टेंबरमध्ये त्याच टोमॅटोला तोडणीचा खर्चही निघत नव्हता. तुमच्या सभासदाला जुलैत वाटेल आपण जिंकलो, सप्टेंबरमध्ये वाटेल फसलो. दोन्ही वेळा त्याला हिशेब दाखवा : बियाणं, मजुरी, वाहतूक, तुमचा स्वतःचा रोज. स्वतःचा रोज लिहायला शेतकरी हमखास विसरतो.

वाहतुकीचं मात्र आधी ठरवा. पंधरा घरांत पंधरा वेळा थांबलात, तर डिझेल आणि अख्खा दिवस जाईल. एका सोसायटीच्या वाहनतळात दोन तासांचं वाटप ठेवा, सभासद येऊन नेतील. वारही दर आठवड्याला तोच ठेवा. पहाटे तोडणी, ओल्या गोणपाटाखाली माल, नऊच्या आत पुण्यात. पितृपक्षात भाजीला मागणी आणि दर दोन्ही चढतात. तेव्हा चार पैसे जास्त मिळतात म्हणून सभासदांचा माल व्यापाऱ्याला देऊ नका.