बायकांना अंतराळवीर व्हायला वेगळी पात्रता लागते का?

मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि गगनयानासाठी निवडलेले चौघेही पुरुष आहेत, मग मुलींसाठी अटी वेगळ्या असतात का, असं तुम्ही विचारलंय. मी या क्षेत्रातला नाही, पण हौसेने बरंच वाचलंय. अटी वेगळ्या नसतात. मेख दुसरीकडेच असते.

अमेरिकेचंच बघा. मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या अंतराळवीरांची वैद्यकीय तपासणी ज्या डॉ. लव्हलेस यांच्या दवाखान्यात झाली, तिथेच १९६०-६१ मध्ये त्यांनी खासगीरीत्या १९ महिला वैमानिकांना तपासलं. कानात बर्फाचं पाणी ओतण्यापासून सगळं. त्यातल्या १३ जणी पास झाल्या. जेरी कॉब तर अंधाऱ्या खोलीत, पाण्याच्या टाकीत नऊ तासांहून जास्त वेळ राहिली. तिच्या नावावर विमानोड्डाणाचे दहा हजारांवर तास होते. तरीही नासा म्हणाली, लष्करी जेटचा टेस्ट पायलट, म्हणजे नवी विमानं उडवून तपासणारा वैमानिक हवा. आणि लष्कर बायकांना जेट चालवूच देत नव्हतं! गंमत म्हणजे अटींमध्ये पदवीही होती. मर्क्युरीसाठी निवडलेल्या जॉन ग्लेन यांची ती पुरी झालेली नव्हती, पण तिथे निभावून गेलं.

रशियाचं यान उतरताना अंतराळवीराला बाहेर पडून पॅराशूटने उतरावं लागे. म्हणून त्यांनी पॅराशूटवाल्या मुली शोधल्या, आणि कापड गिरणीत काम केलेली तेरेश्कोवा १९६३ मध्ये अंतराळात पोचली. नासाने शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठी वेगळं पद काढलं, तेव्हा कुठे १९७८ च्या ३५ जणांत सहा बायका आल्या. कल्पना चावला पुढे याच वाटेने गेली.

आपल्याकडचे चौघे हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. त्यांचं रशियातलं प्रशिक्षण २०२० मध्ये सुरू झालं. आपल्या पहिल्या तीन महिला फायटर पायलट हवाई दलात आल्या २०१६ मध्ये. एवढ्यात टेस्ट पायलट कुठून होणार?

म्हणून मुलीला वैमानिकाच्या वाटेने जायचं असेल तर आधी खडकवासल्याच्या एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं बघा. तिथे मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात, त्यामुळे मॅथ्स सोडून बायो घेतलं असेल तर कॉलेजात आत्ताच विचारा. वयाची मर्यादाही साडेएकोणीसच्या आसपास संपते. नासाची वाट मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्याशिवाय उघडत नाही.